डावीकडचा कोपरा

"बोट दिसलं की 'दिसलं' म्हणा," बाई म्हणाल्या. "मान वळवायची नाही. माझ्या नाकाकडे बघायचं."

"तुमच्या नाकाकडे गेली कित्येक वर्षं बघतोय," पोस्टमास्तर म्हणाले. "डावात घाबरलात की लाल होतं."

"मग आताही बघा. आणि हा डोळा झाका."

पोस्टमास्तरांनी तळहातानं डावा डोळा झाकला. बाईंनी उजवीकडून बोट आणलं, ते लगेच "दिसलं" म्हणाले. खालून आणलं, दिसलं. मग त्यांच्या डावीकडून, वरच्या अंगानं, बाई बोट हळूहळू आत आणू लागल्या. बोट कानाच्या पुढं आलं, भुवईपाशी आलं, आणखी आत आलं. पोस्टमास्तर शांतपणे नाकाकडे बघत होते.

"सुरू करा की," ते म्हणाले. "वाट कसली बघताय?"

बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी दुसरा डोळा झाकायला सांगितला. उघड्या राहिलेल्या डाव्या डोळ्यानं तर डावीकडचं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. पोस्टमास्तर बाईंच्या चष्म्याच्या दुकानात आले होते ते नंबर वाढला म्हणून. बुद्धिबळाच्या क्लबातले दिवे हल्ली मंद झालेत, अशी त्यांची तक्रार होती. दिवे मंद झाले नव्हते, हे बाईंना माहीत होतं. सेक्रेटरींनी उलट नवेच लावले होते.

"नंबर मी काढून देत नाही," बाई म्हणाल्या. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्याच."

"म्हणजे गिऱ्हाईक घालवताय?"

"हो, घालवतेय."

पोस्टमास्तरांनी थट्टा थांबवली. समोरची बाई थट्टेच्या मनःस्थितीत नाही, हे ओळखण्याइतका त्यांचा तिच्याशी सराव होता.

सराव म्हणजे पटावरचा. बाई बुद्धिबळाच्या क्लबात शिरल्या त्या स्वतःसाठी नव्हेच. लेकीला शिकवणीला घालायचं, ती सुटेपर्यंत बाकावर बसायचं आणि तिला घेऊन घरी जायचं, एवढाच मामला होता. बसल्या बसल्या समोरच्या डावात काय चाललंय ते बघायची सवय लागली. पुढं लेकीला कंटाळा आला, ती पोहायला जाऊ लागली. आई मात्र क्लबातच राहिली. "लेक सुटली, आई अडकली," असं सेक्रेटरी अजून नव्या सभासदांना सांगतात.

क्लब म्हणजे छापखान्याच्या वरची एक लांबट खोली. खाली यंत्र सुरू झालं की पटावरची प्यादी थरथरतात. खिडकीजवळच्या टेबलावर चांगले खेळाडू बसतात, दारापाशी कच्चे. पोस्टमास्तरांची जागा खिडकीजवळ, आणि ती त्यांनी निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी मिळवलेली. बाई दाराकडून खिडकीकडे सरकल्या त्या मुंगीच्या पावलांनी. एकेका टेबलाला वर्ष दोन वर्षं लागली.

त्यांची खोड सगळ्यांना पाठ होती. डाव वाईट चालला असेल तर बाई चिवटपणे लढत. पण डाव चांगला झाला, आता जिंकणार असं दिसू लागलं, की त्यांच्या छातीत धडधड सुरू होई, नाक लाल होई आणि त्या घाईघाईनं विचारत, "बरोबरी घेता का?" समोरचा अर्थातच घेई. लोकांनी त्यांचं नाव 'बरोबरीबाई' ठेवलं. बाई हसत, पण घरी जाताना ते हसू जिन्यातच संपून जाई.

पोस्टमास्तर त्यांना कधी बरोबरीबाई म्हणाले नाहीत. ते फक्त हरवत. दर स्पर्धेत, न चुकता, जराही दयामाया न दाखवता. पण हरवून झालं की उठून जात नसत. मोहरे परत मागे नेऊन डाव एका ठिकाणी थांबवत आणि बोट ठेवत. "इथं घाबरलात."

"घाबरले नाही. मला घोड्याची खेळी दिसलीच नाही."

"दिसली होती. हात तिकडं गेला होता, मी पाहिला. मग मागे घेतलात. डोक्याच्या आधी तुमचा हात घाबरतो. पुढच्या वेळी हातांवर बसा."

"म्हणजे?"

"म्हणजे बसा. हात मांडीखाली घ्यायचे आणि वर बसायचं. खेळी ठरली की मगच बाहेर काढायचे."

बाई खरंच हातांवर बसू लागल्या. लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण बाई टेबलं ओलांडू लागल्या होत्या. दुसरी गोष्ट त्यांना दुकानात सापडली. आधी त्या प्रत्येक खेळीला दहा वाटा बघत आणि दहांतच गुंतत. एक दिवस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाला कधी दहा भिंगं एकदम दाखवत नाही. माणूस भांबावतो. दोनच दाखवायची आणि विचारायचं, हे बरं की ते? जे बरं ते ठेवायचं, त्याच्या शेजारी तिसरं आणायचं. तेव्हापासून पटावर त्या स्वतःला हेच विचारू लागल्या. हे बरं की ते? खेळ सुधारायला पुस्तकं पुष्कळ आहेत, बाईंनी विकतही घेतली होती. पण त्यांना उपयोगी पडलं ते हे.

आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. चषक नको, खिडकीजवळची जागाही नको. पोस्टमास्तरांना एकदा हरवायचं होतं. चांगल्या खेळात, त्यांच्या डोळ्यांदेखत. ज्या माणसानं आपली भीती आपल्याआधी ओळखली, त्याला एकदा ती नसलेली दाखवायची होती.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर पोस्टमास्तर दुकान बंद व्हायच्या सुमारास आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "काचबिंदू."

"मला वाटलंच होतं."

"दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर खातो म्हणे. गेली ती गेली. थेंब घालायचे, उरलेली सांभाळायची." मग त्यांनी काउंटरवरच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. "मजा बघा. गेलेलं काळं दिसत नाही. तिथं काही नाही असंही वाटत नाही. सगळं भरलेलंच वाटतं."

"थेंब वेळेवर घाला."

"घालतो. आणि बाई, क्लबात हे कोणाला कळता कामा नये. एकदा कळलं की लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील. जिना चढताना कोपर धरतील. ते मला चालणार नाही."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी पाळला. लेकीलासुद्धा सांगितलं नाही, जी फोनवर आईच्या पोटातलं सगळं काढून घेण्यात पटाईत होती.

वार्षिक स्पर्धेची शेवटची फेरी आली. सेक्रेटरींनी जोड्या लावल्या, आणि खिडकीजवळच्या टेबलावर पोस्टमास्तर पांढरी घेऊन बसले, समोर बाई काळी घेऊन.

डाव बाईंनी आयुष्यात खेळला नव्हता इतका चांगला खेळला. हात मांडीखाली होते. पोस्टमास्तरांचा राजा किल्लेकोट करून आपल्या उजव्या अंगाला बसला होता आणि त्याच्या पुढ्यात एक घोडा पहाऱ्याला होता. खाली यंत्र चालू होतं, प्यादी थरथरत होती. मध्येच एकदा बाईंपुढं दोन खेळ्या उरल्या. हत्ती मधल्या पट्टीत आणणं, नाहीतर उंट मागे, पार कोपऱ्यात नेऊन बसवणं. हे बरं की ते?

हत्तीची खेळी साधी, भक्कम होती. उंटाचा कोपरा म्हणजे बाईंच्या उजव्या हाताजवळचा. म्हणजे पोस्टमास्तरांच्या डावीकडचा, पटाच्या पलीकडच्या टोकाचा. जिथं बाईंचं बोट भुवईपाशी येऊनही दिसलं नव्हतं, नेमका तो.

बाईंनी उंट कोपऱ्यात नेला.

दोन खेळ्यांनंतर त्यांनी वजीर त्या उंटाच्या पुढं आणून ठेवला. आता तिथून तिरकी एक वाट थेट पांढऱ्या राजाच्या दारापर्यंत जात होती. त्या वाटेत आडवा काय तो पोस्टमास्तरांचा घोडा. घोडा हलला की वजीर दारात, मागे उंटाचा आधार, आणि राजाला जायला जागा नाही. मात. बुद्धिबळ शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात दाखवतात अशी ही मात. पोस्टमास्तरांना ती झोपेतही दिसली असती.

पोस्टमास्तर दुसऱ्या बाजूला बघत होते. बाईंच्या राजावर हल्ला कसा चढवावा, याच्यात ते रंगले होते. ओठ जरा पुढं आले होते; चांगली खेळी सापडली की ते तसे येत. हल्ल्याला त्यांना घोडा हवा होता. तोच घोडा.

त्यांचा हात उठला.

बाईंच्या छातीत धडधड नव्हती. हे त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ज्या क्षणासाठी इतकी वर्षं काढली तो समोर होता आणि भीती कुठंच नव्हती. होतं ते वेगळंच काहीतरी, गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरचा चष्मा देऊन पैसे घ्यावेत तसं. हात लावला तो मोहरा खेळलाच पाहिजे, हा नियम. बोटं घोड्याला टेकली की संपलं.

"नीट करते," बाई म्हणाल्या, आणि मांडीखालचा हात काढून कोपऱ्यातला उंट घराच्या मधोमध सरकवला. उंट आधीच मधोमध होता.

पोस्टमास्तरांचा हात हवेत राहिला.

"बाई," ते हळू म्हणाले, "वेळ माझी चालली आहे."

"अहो बरोबरीबाई!" सेक्रेटरी दोन टेबलं सोडून पलीकडून आले. "दुसऱ्याच्या वेळेत मोहऱ्याला हात लावायचा नाही, नवीन आहात का तुम्ही? ताकीद समजा ही."

बाईंनी मान डोलावली. पोस्टमास्तरांनी मात्र सेक्रेटरींकडे पाहिलंच नाही. त्यांनी आपलं तोंड, खांद्यासकट, डावीकडे वळवलं आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. उंट. त्याच्यापुढं वजीर. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी एक प्यादं पुढं सरकवून ती तिरकी वाट बंद केली आणि घड्याळ दाबलं.

त्यानंतर बाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आधी एक प्यादं गेलं, मग हत्ती. शेवटी हार मानून त्यांनी आपला राजा आडवा केला आणि रीतीप्रमाणे हात पुढं केला. पोस्टमास्तर पटाकडे बघत उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि जिना उतरून गेले. मोहरे मागे नेले नाहीत. कुठं घाबरलात ते सांगितलं नाही. बाईंचा हात टेबलावर तसाच होता.

"हातसुद्धा मिळवला नाही!" कोणीतरी म्हणालं. दुसरं कोणीतरी कुजबुजलं, "जिंकत होत्या हो. वजीर दारात जात होता. घाबरल्या पुन्हा."

घरी पोचल्यावर लेकीचा फोन आला. तिला सेक्रेटरींकडून आधीच कळलं होतं; त्यांच्या पोटात काही राहत नसे.

"आई, काय गं हे! हातातोंडाशी आलेला डाव. परत घाबरलीस ना?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "हो गं," त्या म्हणाल्या. "घाबरले."

खोटं बोलणं त्यांना कधी एवढं जड गेलं नव्हतं.

पुढचे काही दिवस पोस्टमास्तर क्लबातही आले नाहीत आणि दुकानातही नाहीत. बाई काउंटरवर बसून रस्त्याकडे बघत. थेंब घालत असतील ना, एवढंच मनात येई. मग एका सकाळी, दुकान उघडून त्या काचा पुसत होत्या, तेव्हा ते आले. आत येताना दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटला. दोघांनीही ते न झाल्यासारखं केलं.

"मी भांडायला आलोय," पोस्टमास्तर म्हणाले.

"बसून भांडा."

ते बसले. "उंट कोपऱ्यात मुद्दाम ठेवलात?"

बाईंनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. "मुद्दाम. हत्तीची खेळी बरी होती. मला माहीत होतं तुम्हाला तिथलं दिसत नाही."

"मग बरोबर केलंत! समोरचा जिथं बघत नाही तिथं खेळायचं असतं. मीही तुमच्या भीतीवर इतकी वर्षं जेवलोच की. उंट ठेवलात ते बुद्धिबळ. हात लावलात ती दया." त्यांचा आवाज चढला होता. "मी तुम्हाला कधी दया दाखवली?"

"कधीच नाही."

"का नाही दाखवली?"

बाईंनी फडकं पुन्हा हातात घेतलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"कारण तुम्ही खेळाडू आहात म्हणून," पोस्टमास्तरच म्हणाले. "मग मी कोण आहे? पेशंट?"

"मास्तर, मला तुम्हाला हरवायचंय," बाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता. "तुम्हाला. तुमच्या काचबिंदूला नाही. तुम्ही सगळं बघितलंय, सगळं समजलंय आणि तरी हरलाय, असं मला हवंय. त्या दिवशी जिंकले असते तर घरी जाऊन काय केलं असतं मी? कोणाला सांगितलं असतं?"

पोस्टमास्तर काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमी चाळत बसले. एक फ्रेम त्यांनी डोळ्यांना लावून पाहिली, काढली, जागेवर ठेवली.

"घाबरला नव्हतात तुम्ही," शेवटी ते म्हणाले. "नाक लाल नव्हतं."

"नव्हतंच."

"हं." ते उठले. "संध्याकाळी क्लबात या."

संध्याकाळी बाई गेल्या तेव्हा पोस्टमास्तर खोलीच्या मधोमध उभे होते आणि सगळे डाव थांबले होते. भाषण वगैरे त्यांना येत नव्हतं. "मला या बाजूचं दिसत नाही," डावा हात वर करून ते म्हणाले. "काचबिंदू आहे. आंधळे खेळाडू खेळतात तिथं समोरच्यानं प्रत्येक खेळी मोठ्यानं बोलायची, असा नियमच आहे. आजपासून माझ्याशी खेळायचं तर बोलून खेळा. आणि जिन्यात माझं कोपर धरलंत तर याद राखा."

बाई खिडकीपाशी गेल्या आणि मोहरे मांडू लागल्या.

हा डाव कुठल्या स्पर्धेतला नव्हता. तरी हळूहळू सगळे भोवती येऊन उभे राहिले. बाई खेळी बोलत, मग खेळत. पोस्टमास्तर "ऐकलं" म्हणत, तोंड वळवून ते घर शोधत, मग विचार करत. घोडा. ऐकलं. उंट, कोपऱ्यात. "ऐकलं, ऐकलं," पोस्टमास्तर म्हणाले, आणि ओठांच्या टोकाशी हसले. या खेपेला त्यांनी त्या कोपऱ्याला काही करू दिलं नाही. वजिरावजिरी झाली, हत्ती गेले, पट रिकामा होत गेला. शेवटी दोन राजे उरले, थोडी प्यादी उरली, आणि बाईंचं एक प्यादं सगळ्यांच्या पुढं निसटलं.

डाव जिंकलेला होता. बाईंना ते दिसलं, आणि जुनी धडधड आली. हात मांडीखाली होते, पण आज तेवढ्यानं भागणार नव्हतं. खेळी बोलायला हवी होती. "प्यादं... एक घर पुढं," त्या म्हणाल्या, आणि आवाज कापला.

"ऐकलं," पोस्टमास्तर म्हणाले. मग पटावरून नजर न काढता, "आवाजावर बसता येत नाही, बाई. तो कापला तर कापू द्या. बोला."

'बरोबरी घेता का' हे शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर आले होते. ते त्यांनी गिळले. "प्यादं, पुढं," त्या म्हणाल्या. पोस्टमास्तरांचा राजा धावला. "प्यादं, पुढं." राजा एक घर मागे पडला. पुढच्या खेपेला बाईंचा आवाज साधा होता, दुकानात नंबर सांगतात तसा. "प्यादं शेवटच्या घरात. प्याद्याचा वजीर झाला."

पोस्टमास्तर पटावर वाकले. त्यांनी तोंड डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं, एकही घर सोडलं नाही. सगळं पाहिलं. मग दोन बोटांनी आपला राजा आडवा केला, अगदी अलगद.

बाईंनी हात पुढं केला.

पोस्टमास्तर पटाकडेच बघत बसले. हात हवेत होता, त्यांच्या डावीकडे. त्या दिवशीचा हातही असाच होता. तो राग होता की दिसलाच नव्हता, हे बाईंनी त्यांना नंतरही कधी विचारलं नाही.

"हात," बाई म्हणाल्या. "तुमच्या डावीकडे. पुढं केलाय."

"ऐकलं," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांनी तोंड वळवलं, हात शोधला आणि धरला. दुसऱ्या हातानं ते मोहरे मागे नेऊ लागले.

"आता दाखवा," ते म्हणाले. "मी कुठं घाबरलो?"